रकान्याबाहेरची भावंडे

स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्त्यांची चरित्रे वाचताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. सत्याग्रह, भूमिगत जीवन, तुरुंग, सुटका यांवर प्रकरणेच्या प्रकरणे असतात आणि त्यांमध्ये कोठेतरी एक वाक्य येते, ‘या काळात घरच्यांनी फार सोसले.’ पुढच्या ओळीत चरित्रनायक पुन्हा सभेला निघालेला असतो. घरच्यांनी नेमके काय सोसले, कोणी किती सोसले, त्यांपैकी कितीजणांना ते सोसणे मान्य होते, याचा तपशील त्या एका वाक्याआड कायमचा राहून जातो.

हैदराबाद आणि सिकंदराबादेतील जुन्या मराठी घरांना हा विषय परका नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असा एखादा काका, मामा किंवा आजोबा होऊन गेला. त्याचे छायाचित्र दिवाणखान्यात असते. त्याच्या पाठीमागे जी भावंडे राहिली, त्यांची छायाचित्रे बहुधा ट्रंकेत असतात. या लेखात त्या भावंडांविषयी थोडे लिहावे, असा आमचा मानस आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच शहरात, नामपल्ली स्थानकाच्या वाटेवर आहे. ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ ही वास्तू आपण सरोजिनी नायडूंचे घर म्हणून ओळखतो. १९७४ साली हैदराबाद विद्यापीठाची सुरुवात याच वास्तूत झाली. सरोजिनीदेवींचे वडील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय हे पुढे निजाम कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेचे आद्य प्राचार्य. १८८३ मध्ये चांदा रेल्वेच्या योजनेवर जाहीर टीका केल्यामुळे त्यांना संस्थानातून हद्दपार व्हावे लागले. पुढे ते सन्मानाने परत आले. राजकारण या घरात वडिलांच्याच पावलांनी आले, असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु मुलांच्या वाटा निरनिराळ्या झाल्या. १९०८ च्या मुसीच्या महापुरात सरोजिनीदेवींनी पूरग्रस्तांसाठी काम केले आणि सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. त्याच सुमारास त्यांचे धाकटे बंधू वीरेंद्रनाथ लंडनमध्ये क्रांतिकारकांच्या गटात वावरत होते. मिडल टेंपलमधून त्यांना काढून टाकण्यात आले, पकडले जाण्याच्या भीतीने त्यांनी पॅरिस गाठले आणि पहिल्या महायुद्धात ते बर्लिनच्या भारतीय समितीचे एक सूत्रधार झाले. पुढे बहिणीने ते पदक परत केले, १९२५ मध्ये त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि स्वतंत्र भारतात राज्यपाल झाल्या. भाऊ मात्र घर सोडून गेला तो परतलाच नाही. २ सप्टेंबर १९३७ रोजी सोव्हिएत रशियात स्टालिनच्या राजवटीने त्यांना देहदंड दिला. भाऊ आहे की नाही, हे येथल्या घराला कितीतरी वर्षे निश्चितपणे ठाऊक नव्हते. सर्वांत धाकटी बहीण सुहासिनी कम्युनिस्ट पक्षात गेली, बंधू हरींद्रनाथ कवी आणि नट म्हणून गाजले. एकाच पंगतीत जेवलेली ही भावंडे; पण कोणाच्या नावामागे पोलिसांची नोंद, कोणाच्या छातीवर सरकारचे पदक, अशी स्थिती एकाच वेळी त्या घराने पाहिली.

लंडनमधील त्या गटातच विनायकराव सावरकर होते आणि त्यांचे घर आपणां मराठी वाचकांच्या अधिक परिचयाचे. वडील १८९९ च्या प्लेगमध्ये गेल्यावर थोरले बंधू बाबाराव यांनी धाकट्यांना वाढवले. जून १९०९ मध्ये देशभक्तिपर कविता प्रसिद्ध केल्याबद्दल बाबारावांना जन्मठेप झाली आणि घराची मालमत्ता जप्त झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नाशिकला जॅक्सनचा वध झाला. तो करणारा अनंत कान्हेरे आपल्याच संस्थानातील औरंगाबादेत शिकलेला होता. मार्च १९१० मध्ये लंडनला विनायकराव पकडले गेले. धाकटे नारायणराव यांनाही सहा महिन्यांची शिक्षा झाली. तिघे भाऊ एकाच वेळी कोठडीत आणि घरात उरल्या त्या स्त्रिया. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी पतीची पुन्हा भेट न होताच वारल्या. नारायणराव सुटल्यावर कलकत्त्यास वैद्यक शिकले, मुंबईत दंतवैद्य झाले आणि भावांच्या सुटकेसाठी अर्ज, खटपटी, गाठीभेटी करीत राहिले. अंदमानातून वर्षाकाठी जे एक पत्र येई, ते त्यांच्या नावे येई. त्या पत्रांचे लेखक सर्वांना ठाऊक आहेत. ती पत्रे उघडून वाचणारा, त्यांतील प्रत्येक निरोप घरोघर पोचवणारा भाऊ मात्र साऱ्यांच्या विस्मरणात गेला. सावरकरांच्या राजकारणाविषयी मतभेद असणाऱ्यांनीही या कुटुंबाच्या हिशेबाकडे एकदा निराळेपणाने पाहावे, असे आम्हांस वाटते.

ही मोठी घरे. त्यांच्यापेक्षा आपल्या लहान घरांची स्थिती एका बाबतीत अधिक अवघड होती. ब्रिटिश मुलखातील कुटुंबावर सरकारचा रोष झाला, तर वकिली, खाजगी शाळा, छापखाना, व्यापार अशा काही वाटा उरत. निजामाच्या राजधानीत मराठी माणूस मुख्यतः नोकरी आणि वकिलीवर जगत होता आणि दोन्ही व्यवसाय दरबाराच्या मर्जीवर अवलंबून होते. कारभार उर्दूत, विद्यापीठाचे शिक्षण उर्दूत. सभा भरवायची तर ‘गश्ती निशान ५३’ प्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही शाळा आणि वाचनालये, व्याख्यानमाला यांच्या आडोशानेच आपल्या समाजाने सार्वजनिक जीवन शिकून घेतले. रेसिडेन्सी बाजार १९३३ पर्यंत आणि सिकंदराबाद १९४५-४६ पर्यंत इंग्रजांच्या कारभाराखाली होते, म्हणून तेथे थोडा मोकळा श्वास मिळे. हुसेनसागराच्या बांधावरून पलीकडे गेले की कायदा बदलत असे. ऑक्टोबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्यानंतर ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले. त्यांपैकी कितीतरीजणांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. त्या वेळी प्रत्येक घरात एकच प्रश्न उभा राहिला. एका मुलाने नाव नोंदवले, तर बाकीच्यांच्या नोकरीचे काय?

आमच्या घरी हा प्रश्न नऊ वर्षांनी आला. आमचे वडील तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. एका सरकारी दफ्तरात ४५ हाली रुपयांवर कारकून होते आणि रात्री कायद्याच्या परीक्षेचा अभ्यास करीत. आजोबा वारले होते. घरात आजी, आई, लग्नाची आत्या, आणखी दोन लहान भावंडे आणि उस्मानिया विद्यापीठात शिकणारे काका. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ हा भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. त्या दिवशी मिरवणुकीला गेलेले काका रात्री घरी आले नाहीत. चार दिवसांनी कोणीतरी निरोप आणला की, ते सोलापूरच्या बाजूस पोचले असून सरहद्दीवरील छावणीत आहेत. पुढचे तेरा महिने त्यांची दोनच पत्रे आली. दोन्ही दुसऱ्याच्या हातची होती आणि दोन्हींत आपल्या प्रकृतीपलीकडे काही नव्हते.

दरम्यान घराची झडती झाली. वडिलांना वरिष्ठांनी बोलावून घेतले आणि भावाशी आपला संबंध काय, ते लेखी देण्यास सांगितले. आमच्या लहानपणी या प्रसंगाविषयी घरात कोणी बोलत नसे. पुढे आजीकडून तुकड्यातुकड्यांनी जे समजले, ते असे. वडिलांच्या शेजारी बसणारे एक वयस्क मुसलमान सहकारी होते. वडिलांचे उर्दू चांगले होते, पण दरबारी मसुद्याचे वळण त्या गृहस्थांना अधिक अवगत होते. त्यांनी मजकूर लिहून दिला. भाऊ ‘अलाहिदा’ राहतो, त्याच्या हालचालींची आपणांस माहिती नाही आणि त्याच्या वर्तनाशी आपला संबंध नाही, एवढाच त्याचा आशय. निषेधाचा शब्द त्यांनी हेतुपूर्वक वगळला होता. वडिलांनी खाली सही केली, एक नक्कल स्वतःजवळ ठेवली आणि संध्याकाळी घरी येऊन न जेवता झोपले. नोकरी राहिली. बढतीच्या यादीत मात्र पुढे कितीतरी वर्षे त्यांचे नाव आले नाही आणि कायद्याची परीक्षा त्यांनी पुन्हा दिली नाही.

आत्याचे लग्न ठरत आले होते. झडतीची वार्ता पसरल्यावर वरपक्षाने पत्रिका जुळत नसल्याचे कळवले. हे लोक वाईट नव्हते. त्यांचाही एक मुलगा सरकारी नोकरीत होता, हे समजून घेतले पाहिजे. आत्या तेव्हा सतरा वर्षांच्या. शाळेच्या वाटेवर चौकशी होऊ लागल्याने त्यांची शाळाही थांबली. त्या वर्षी घरात शिलाईचे काम घेण्यास सुरुवात झाली आणि ते मुख्यतः आत्यांनी केले. लग्न तीन वर्षांनी झाले, शाळा पुन्हा कधीच सुरू झाली नाही.

त्या काळी सोसणारी घरे एकाच धर्माची नव्हती, हेही येथे नमूद करणे उचित होईल. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याचा पक्ष घेतला, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी याच शहरात त्यांची हत्या केली. त्या वेळी सोबत असलेल्या मेहुण्याचा हात तोडला गेला. अग्रलेख मेहुण्याने लिहिले नव्हते. तो केवळ नात्याने सोबत चालत होता.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर काका परत आले. दाढी वाढलेली, पायात दुसऱ्या कोणाच्या तरी वहाणा. गल्लीने त्यांना हार घातले. त्यानंतरच्या दिवसांत वारे उलटे फिरले. अनेक मुसलमान नोकरदारांवर संशय आला. ज्या सहकाऱ्यांनी वडिलांचा मसुदा लिहून दिला होता, त्यांनाच आता आपल्या वर्तनाविषयी दाखला हवा होता. वडील काकांना घेऊन त्यांच्याकडे गेले आणि काकांनी स्वतःच्या सहीने तो दिला. दोन भावांच्या सह्यांचे असे दोन कागद एका वर्षाच्या अंतराने लिहिले गेले. एकाने घर वाचवले, दुसऱ्याने एका भल्या माणसाचे घर वाचवले. दोन्ही सह्यांचे मोल आम्ही सारखेच मानतो.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला संस्थानाचे भाषावार विभाजन झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. काकांचे कार्यक्षेत्र नांदेडकडे होते, ते तिकडेच राहिले. वडिलांची नोकरी, आजीचे औषधपाणी, आमच्या शाळा येथे होत्या, म्हणून आम्ही सिकंदराबादचेच राहिलो. अनेक घरे तेव्हा अशीच दुभंगली. काकांनी पद घेतले नाही. शिक्षकी केली, शेतमजुरांच्या प्रश्नांवर मोर्चे काढले, आणखी दोनदा तुरुंग पाहिला. प्रत्येक वेळी वडील येथून मनिऑर्डर करीत. मुक्तिसंग्रामाच्या दिनी नांदेडला काकांचा सत्कार झाला तेव्हा वडील तिसऱ्या रांगेत बसले होते. व्यासपीठावरून काकांच्या त्यागाचे वर्णन चालले असता आत्या वडिलांकडे झुकून म्हणाल्या, “अण्णा, आपली शिलाईची मशीन कुणी सांगत नाही हो.” वडील हसले. तो विनोद होता, परंतु निव्वळ विनोदही नव्हता.

वडिलांच्या मनात कटुता नव्हती, असे आम्ही म्हणणार नाही. “त्याला जायचे होते, तो गेला, मला कोणी विचारले नाही,” असे त्यांनी एकदा आईपाशी बोलून दाखवले होते. तक्रार न्याय्य होती. चळवळीत पडणारा माणूस आपल्या अंगावरचा धोका स्वेच्छेने पत्करतो. भावंडांच्या वाट्याला तोच धोका न विचारता येतो. दुसऱ्या बाजूने, प्रत्येकाने घरच्या सर्वांची संमती घेऊनच पाऊल उचलायचे ठरवले असते, तर एकही सत्याग्रह निघाला नसता, हेही तितकेच खरे. या दोन सत्यांचा मेळ घालणारे सूत्र आम्हांस अद्याप सापडलेले नाही. ते नसावे, असेच वाटते. घराघराने आपल्या कुवतीप्रमाणे तो मेळ घातला, एवढेच दिसते.

पुढे आम्हीही राज्य शासनाच्या सेवेत आलो आणि स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे अर्ज पाहण्याचा योग आला. १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्राने ही योजना सुरू केली आणि १९८० मध्ये उत्पन्नाची अट काढून तिला सन्मान योजनेचे रूप दिले. सहा महिन्यांचा कारावास, भूमिगत जीवन, जप्त झालेली मालमत्ता, लढ्यामुळे गेलेली नोकरी असे निकष त्यात होते. कुटुंबाच्या व्याख्येत पत्नी किंवा पती, अविवाहित मुली, आई व वडील. भाऊ किंवा बहीण यांस रकाना नव्हता. यात योजनेचा दोष काढण्याचे कारण नाही. शासनाला कोठेतरी रेघ ओढावी लागते. परंतु अर्ज चाळताना एक विचार मनात येई. लढ्यापायी ज्याची नोकरी गेली, त्याची नोंद होऊ शकत होती. भावाला लढता यावे म्हणून ज्याने मान खाली घालून नोकरी टिकवली, त्याची नोंद करील असा तक्ता कोणत्याही कचेरीला आखता आला नसता.

ऐंशीच्या दशकात काकांनी, मित्रांच्या फार आग्रहामुळे, अर्ज करायचे ठरवले. ते छावणीत होते याचा त्या काळातील लेखी पुरावा हवा होता. कागद शोधण्यासाठी ते सिकंदराबादला आले. दोन दिवस जुन्या वह्या उलगडून झाल्यावर वडील उठले, ट्रंक उघडली आणि १९४७ ची ती नक्कल काढून त्यांनी काकांपुढे ठेवली. काका घरातून निघून गेले असून सरकार त्यांच्या मागावर आहे, हे सिद्ध करणारा, तारीख आणि सही असलेला, इतका स्पष्ट कागद दुसरा मिळाला नसता. काकांनी तो चष्मा लावून सावकाश वाचला. मग घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “अण्णा, हा कागद तुमचा आहे. माझ्या अर्जाला तो लागायचा नाही.” वडिलांनी आग्रह केला नाही. छावणीतील सहकाऱ्यांच्या दाखल्यांवर अर्ज गेला आणि दोन वर्षांनी मंजूर झाला. थकबाकीच्या रकमेचे काकांनी तीन वाटे केले. वडिलांनी आपला वाटा परत पाठवला. आत्यांनी मात्र निःसंकोचपणे ठेवून घेतला आणि तो आपला हक्कच होता, असे त्या शेवटपर्यंत सांगत. आज विचार केला तर तिघांत आत्यांचेच हिशेबाचे भान अधिक चोख होते, असे वाटते.

काका आमच्या घराला काय देऊन गेले, हेही सांगितले पाहिजे. वडिलांच्या पगारावर आम्ही वाढलो, पण १९४८ नंतर या शहरात ताठ मानेने राहता आले, ते काकांमुळे. आपण त्या काळी गप्प बसलेल्यांपैकी होतो, ही बोच आमच्या पिढीस लागली नाही. वडिलांनाही ती लागली नाही, कारण आपण एकाला पाठवून बाकीच्यांना सांभाळले, असे त्यांना उतारवयात म्हणता येत असे. म्हणजे काकांचे जाणे वडिलांच्या राहण्यावर उभे होते आणि वडिलांच्या राहण्याला अर्थ आला तो काकांच्या जाण्याने. नामपल्लीच्या त्या घरातही असेच काही घडले असावे काय? बहिणीच्या कीर्तीच्या प्रकाशात एका हरवलेल्या भावाचे नाव निदान टिकून राहिले.

चळवळींची रूपे आता बदलली आहेत. २०११ मध्ये तेलंगणासाठी ‘सकल जनुल समे’ झाला, तेव्हा सरकारी नोकरच बेचाळीस दिवस संपावर होते. घरात आंदोलक कोण आणि नोकरदार कोण, हा जुना भेद पुसला गेला होता. तरीही त्या दिवसांत एकाच घरात एक भाऊ संपावर आणि दुसरा कामावर, असे चित्र आम्ही पाहिले. जेवणाच्या वेळी दोघे बोलत नसत आणि मुलांची फी कामावर जाणारा भरीत असे. २ जून २०१४ रोजी नवे राज्य आले. त्यातील कोणाचे नाव कोठे लिहिले जाईल, हे काळ ठरवील.

आपल्या पिढीच्या हाती अजून एक काम करण्याजोगे आहे. घरातील लढवय्या माणसाची माहिती शतकमहोत्सवी ग्रंथांतून, जिल्ह्याच्या इतिहासांतून आलेली आहे. जी भावंडे मागे राहिली, त्यांचे वय, शिक्षण कोठे थांबले, लग्न किती लांबले, कोणी कोणास किती पैसे पाठवले, हे ज्यांना आठवते अशी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. त्यांच्या मनात राग असेल तर तोही लिहून घ्यावा, गाळू नये. आत्यांनी सांगितलेले आम्ही लिहून घेतले, तेव्हा शिलाईच्या कामाचे दर त्यांना पैशांपर्यंत आठवत होते.